ऊती: झाडातल्या आणि आपल्यातल्या

मागच्या वेळी आपण पेशीविषयी बोललो, आज ऊतींकडे वळू. मूळ एक, काम एक, अशा पेशींचा समूह म्हणजे ऊती, हे शाळेत पाठ केलेलं असतं. या संस्कृत शब्दाच्या मुळाशी विणणं आहे. फ्रेंचमध्येही तसंच. शरीरशास्त्रात हा विचार रुजवला तो बिशा या फ्रेंच वैद्याने. १८०१ साली त्याने शरीरातल्या एकवीस ऊती सांगितल्या, त्याही सूक्ष्मदर्शक न वापरता! पुढच्याच वर्षी तो गेला, वय अवघं तीस.

आता झाड बघा. जलवाहिनी मुळांकडून पाणी वर नेते, पण पाणी वाहणाऱ्या तिच्या पेशी मेलेल्या असतात. आतला जीव संपतो, पोकळ नळी उरते, आणि तेव्हाच त्या कामाला येतात. नारळाचा काथ्याही असाच, मेलेल्या दृढ ऊतींचा. उलट अन्न नेणाऱ्या रसवाहिनीतल्या चाळणीनलिका जिवंत, पण त्यांना केंद्रक नाही. शेजारच्या सहपेशी त्यांचा प्रपंच सांभाळतात. मग झाड जिवंत आहे म्हणताना आपण नेमकं कशाला जिवंत म्हणतो?

कोकणातल्या माणसाला विचारा. हापूसचं कलम बांधता येतं, माडाचं नाही. आंब्याच्या सालीखाली विभाजी ऊतींचा पातळ थर असतो, त्यातल्या पेशी सतत विभागतात. दोन फांद्यांचे हे थर भिडले की सांधा जुळतो. माडाच्या खोडात तो थरच नाही.

प्राण्यांत ढोबळ चार प्रकार: आच्छादणारी अभिस्तर ऊती, जोडणारी संयोजी, हालचाल करणारी स्नायू आणि निरोप नेणारी चेता. रक्त आणि हाड दोन्ही संयोजी, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. गुडघ्यातली कूर्चाही त्यातलीच. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून झिजली की भरून येत नाही. माझ्या वयाच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं, मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मात्र आपल्याच वयाच्या असतात.

म्हणून मरणही सगळ्या ऊतींना एकाच वेळी येत नाही. प्राणवायू थांबला की मेंदूच्या पेशी काही मिनिटांत मरू लागतात. डोळ्याचा पारपटल कित्येक तास टिकतो. आपल्या अवयव-प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याच्या नावात २०११ च्या दुरुस्तीने ‘ऊती’ हा शब्द घातला गेला, तो उगाच नव्हे. पारपटलात रक्तवाहिन्या नसल्याने रक्तगट जुळवण्याची गरज पडत नाही. पण मृत्यूनंतर साधारण सहा तासांत नेत्रपेढीचे लोक पोचायला हवेत, आणि त्या वेळी घरातलं कोणी विचार करण्याच्या मनःस्थितीत नसतं. तेव्हा घरी आजच बोलून ठेवा. प्रसंग आलाच तर पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा आणि फोन करायचा.