मॉन्टेसरी वर्गातील स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिक शिक्षण

प्रस्तावना :
डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम येथे आपले पहिले बालमंदिर सुरू केले. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचा काळ भाषाग्रहणास विशेष अनुकूल असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेतील स्पॅनिश-इंग्रजी मॉन्टेसरी वर्गांना याच विचाराचा आधार आहे.

कार्यपद्धती :
अनेक वर्गांत एक शिक्षिका केवळ स्पॅनिशमध्ये, तर दुसरी केवळ इंग्रजीत बोलते. त्यामुळे दुसरी भाषा हा स्वतंत्र तास न राहता पाणी ओतणे, टेबल पुसणे अशा नित्य कामांचे माध्यम बनते. वाचनाच्या पूर्वतयारीसाठी मूल सँडपेपरच्या खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवीत ध्वनी उच्चारते. खरी अडचण येथेच उद्भवते. स्पॅनिशमध्ये पाच स्वराक्षरांचे उच्चार स्थिर आहेत. इंग्रजीत एकाच स्वराक्षराचे अनेक उच्चार होतात. इंग्रजीतील 'जे' या अक्षराचा उच्चार स्पॅनिशमध्ये घशातून येणाऱ्या 'ह'सारखा होतो. म्हणूनच दोन्ही भाषांचे अक्षरसंच वेगळे ठेवणे इष्ट ठरते.

भाषेचे स्थान :
कॅलिफोर्नियात १९९८ च्या 'प्रस्ताव २२७'ने सरकारी शाळांतील द्विभाषिक शिक्षणावर कठोर निर्बंध आणले. २०१६ च्या 'प्रस्ताव ५८'ने ते बहुतांशी दूर केले. तथापि, वर्गाबाहेर इंग्रजीचेच वर्चस्व असल्याने केवळ वेळेची समान वाटणी पुरेशी नसते.

समारोप :
स्पॅनिश ही इंग्रजीकडे नेणारी केवळ पायरी ठरल्यास स्पॅनिशभाषक मूल शाळेत एक भाषा मिळविते आणि घरी आजीशी बोलण्याची भाषा गमावते. अंकमण्यांचा पाठही स्पॅनिशमध्ये होईल, तेव्हाच ती ज्ञानभाषा म्हणून मुलाच्या मनात रुजेल.