बस्ता बांधायला जातो त्या गांधीनगरात एकेकाळी पोलंडचे निर्वासित राहत होते

कोल्हापूर : लग्नसराई आली की जिल्ह्यातली माणसं बस्ता बांधायला गांधीनगर गाठतात. वळिवडे गावाला लागून असलेल्या याच जागेवर १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं.

एवढ्या लांब ती आली कशी? १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं पोलंड आपसांत वाटून घेतला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना रशियानं घरातून उठवलं, मालगाड्यांत कोंबलं आणि सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. धडधाकट गडी फौजेत गेले. बायका-पोरं इराणमार्गे आपल्याकडं आली. छावणीत त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभं केलं. खर्च लंडनमधलं त्यांचं परागंदा सरकार बघत होतं.

खरी अडचण युद्ध संपल्यावर झाली. ज्या गावांतून त्यांना हुसकलं, ती गावंच नव्या सीमेत सोव्हिएतकडं गेली. देश राहिला, घर गेलं! बरेच जण मग इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला निघून गेले. रिकाम्या छावणीत फाळणीत उठून आलेले सिंधी लोक वसले, तेच आजचं गांधीनगर.

पोलंडच्या हातून गेलेल्या त्या मुलखातलं मोठं शहर म्हणजे ल्विव्ह. ते आता युक्रेनमध्ये आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं हल्ला केल्यावर लाखो युक्रेनी माणसं या ल्विव्हवरूनच पोलंडमध्ये शिरली. यातही बायका-पोरंच जास्त, कारण १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला बंदी होती.

मोठा फरक पडला तो कागदाचा. मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघानं या लोकांना ‘तात्पुरतं संरक्षण’ दिलं. राहणं, काम, शाळा, दवाखाना, सगळं हक्कानं. वळिवड्यातल्या बायकांच्या हातात असा कागद नव्हता. निर्वासितांचा जागतिक करारच १९५१ चा. पण तात्पुरतं ते तात्पुरतंच. त्याची मुदत वर्षावर्षानं वाढवावी लागतेय. ज्यांचं गाव आज रशियाच्या ताब्यात आहे, त्यांच्यापुढं वळिवड्यातलाच जुना प्रश्न आहे: लढाई थांबली तरी जायचं कुठं?

छावणीची आठवण म्हणून कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. वळिवड्यात असताना जे वारले, त्यांच्या कबरीही शहरातल्या दफनभूमीत आहेत.