दीड वर्षाचा बॉस आणि रोजचे तीन तास

शनिवार सकाळ. मोबाईलचा अलार्म मुद्दाम बंद ठेवलाय. तरी साडेसहाला कुणीतरी नाकात बोट घालून तुम्हाला उठवतंच. डोळे किलकिले करून बघावं, तर समोर इवलेसे दात, विस्कटलेले केस आणि एकच ऑर्डर... 'भुर्र!' या बॉसकडे अप्रेझल नाही, इन्क्रिमेंट नाही आणि सुट्टी तर नाहीच नाही. तरीही हाच बॉस सगळ्यात लाडका!

एकेकाळी तुमचा वीकएंड म्हणजे मल्टिप्लेक्स, लाँग ड्राइव्ह आणि रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा. आता तो कुकरच्या झाकणांची कॉन्सर्ट, भिंतीवरचं पेन्सिलचं 'मॉडर्न आर्ट' आणि सोफ्याखालून निघणारं कालचं बिस्किट यात संपतो. गंमत म्हणजे, तुमची काही तक्रार नसते. तक्रार असलीच तर वेळ पुरत नाही, एवढीच.

आधी जरा हिशेब

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं. दुपारची डुलकीही त्यातच धरायची. समजा, तुमचं पिल्लू सकाळी सातला उठतं, दुपारी दोन तास झोपतं आणि रात्री नऊला गुडुप होतं. म्हणजे ते जागं असतं बारा तास. तुम्ही नऊला घर सोडता. नऊ तास ऑफिस, दोन तास ट्रॅफिक... दारात पाऊल पडतं आठला. उरले किती? सकाळचे दोन, रात्रीचा एक. फक्त तीन तास!

त्यातच दात घासणं, नाश्ता, डबा आणि बॉसचा (खऱ्या!) फोन. आयुष्यातला सगळ्यात गोड काळ या तीन तासांच्या डब्यात भरायचा असतो. म्हणून तर तो जपून वापरायला हवा.

बुवा-कुक!

पदराआड तोंड लपवायचं आणि 'कुक!' करून बाहेर काढायचं. तुम्हाला पाचव्या वेळी कंटाळा येतो, बाळाला पन्नासाव्या वेळीही नाही. का बरं? डोळ्यांआड गेलेली वस्तू नाहीशी झालेली नसते, हे बाळाला जन्मतः ठाऊक नसतं. ते हळूहळू उमगतं, असं स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी मांडलं. तुमच्यासाठी तो खेळ असतो, बाळासाठी दर वेळी नवा शोध!

आणि सकाळी नऊला दारात काय होतं? तोच खेळ, पण अकरा तास लांबलेला. म्हणून तर पायाला मिठी आणि भोकाड! साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात ही ताटातूट जास्त जाणवते. बाळाचं लक्ष नसताना हळूच सटकणं सोपं वाटतं, पण त्याने विश्वास डळमळतो. त्यापेक्षा कडेवर घ्या, पापा घ्या, 'टाटा' करा आणि निघा. संध्याकाळी बेल वाजली की दुडुदुडु धावत येणारी स्वारी म्हणजे त्या खेळातलं 'कुक'!

आमची डिक्शनरी

कुत्रा म्हणजे भूभू, गाय म्हणजे हम्मा, झोप म्हणजे गाईगाई, जेवण म्हणजे मंमं. बाहेर जायचं तर भुर्र आणि लागलं तर बाऊ. मीटिंगमध्ये 'डिलिव्हरेबल्स' बोलणारा मॅनेजर घरी 'चिऊ कुथे?' विचारत रांगतो, तेव्हा त्याच्यासारखा सुखी माणूस नाही. ही डिक्शनरी आपल्या आजीने आपल्या आईला दिली, आईने आपल्याला. तिला ना कॉपीराइट, ना अपडेट.

चलो, देवगाव फाटा!

आता जरा शहराबाहेर पडू. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा आहे. जालना-मंठ्याकडून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावरून सेलूकडे वळायचं ते इथूनच. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मराठवाड्यातल्या कितीतरी जोडप्यांची सुट्टी अशाच एखाद्या फाट्यावर उतरते. तुम्हाला तो फक्त एक स्टॉप वाटेल. दीड वर्षाच्या माणसाला विचारा! लाल एस्टी, ट्रॅक्टर, शेळीचं करडू, चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह... दहा पावलं टाकायला त्याला अर्धा तास लागतो आणि एकही मिनिट फुकट जात नाही.

जायचं तर संक्रांतीच्या सुमारास जा. रब्बी ज्वारी हे या भागाचं जुनं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ज्वारीच्या एका वाणाचं नावच 'परभणी मोती'. त्या दिवसांत हुरडा असतो, हरभऱ्याचे घाटे असतात, बोरं असतात. नेमकी हीच सामग्री बोरन्हाणाला लागते. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या. आजूबाजूची पोरं तुटून पडतात आणि उत्सवमूर्ती बावरून आजीच्या कुशीत शिरते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करा. फक्त बोराची आठळी, चुरमुरे, रेवडी यातलं काही चिमुकल्याच्या तोंडात जाणार नाही ना, याकडे डोळ्यात तेल घालून बघा.

पण दोन दिवसांनी परतीची गाडी असतेच. आजोबा फाट्यापर्यंत सोडायला येतात. नातू खिडकीतून हात हलवतो. तो पुढच्या वेळी आपल्याला ओळखेल ना, हा प्रश्न ते तोंडाने विचारत नाहीत.

आजी ऑन स्क्रीन

त्याला उत्तर आहे तुमच्या खिशात. दोन वर्षांच्या आत मुलांना स्क्रीन नको, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांसाठी एक सवलत ठेवली... व्हिडीओ कॉल! कारण पलीकडचं माणूस हसतं, थांबतं, उत्तर देतं. मग रोज दहा मिनिटं गावाकडच्या आजोबांची. कार्टून गेलं उडत!

तीन तासांचे चार कधी?

थोडी मदत कायद्याचीही आहे. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६वर गेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. तुमच्या ऑफिसात ते आहे का? एचआरला विचारून तर बघा. आणि बाबा लोकहो, केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत किती, ते तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत शोधा आणि असेल तर बिनधास्त घ्या.

बाकीचं आपल्या हातात. रात्री आठ ते नऊ फोन दुसऱ्या खोलीत. आंघोळ एकाने, गोष्ट दुसऱ्याने. काऊचं शेणाचं घर आज शंभराव्यांदा वाहून जाऊ दे. मेल सकाळीही तिथेच असेल. 'चिऊ कुथे?' मात्र काही महिन्यांत स्पष्ट 'चिऊ कुठे?' होणार आहे. ते 'थे' ऐकायला आज वेळेत घरी जा!