तीन सेना, एक स्क्वाड्रन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खडकवासला जलाशयाच्या उत्तर काठावर एक जहाज उभं होतं. एचएमएस अँगोस्टुरा हे त्याचं नाव, पण ते कधीच तरंगलं नाही. शत्रूच्या किनाऱ्यावर उतरायचं कसं, याचा सराव सैनिकांनी करावा म्हणून उभारलेली ती प्रतिकृती होती. समुद्र सह्याद्रीपलीकडे, आणि लढाईचा किनारा इथे! राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे आपली एनडीए याच परिसरात वसली.

भूदल, नौदल आणि हवाई दल वेगवेगळं लढून भागत नाही, हा त्या महायुद्धाचा धडा. मग तिन्हींचे अधिकारी सुरुवातीपासून एकत्र का घडवू नयेत? फील्ड मार्शल ऑकिनलेक यांच्या समितीने १९४६ मध्ये तशी शिफारस केली. जानेवारी १९४९ मध्ये डेहराडूनला संयुक्त प्रशिक्षण सुरू झालं, त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्यात पायाभरणी केली आणि १९५५ च्या जानेवारीत प्रबोधिनीचं रीतसर उद्घाटन झालं. तिन्ही सेनांना एका छताखाली घडवणारी ही जगातली पहिली प्रबोधिनी.

तिच्या घुमटवाल्या इमारतीचीही कथा विलक्षण आहे. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत सुदानसाठी लढलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेले सत्तर हजार पौंड या इमारतीसाठी वापरले गेले. म्हणून ती ‘सुदान ब्लॉक’. इथे रोज वर्गात जाणारा कॅडेट दूरदेशी पडलेल्या जवानांच्या स्मारकात शिकतो!

पण खरी किमया स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे कॅडेटांच्या निवासी तुकडीत आहे. कॅडेट कोणत्याही सेनेत जाणार असो, स्क्वाड्रन सेनेनुसार ठरत नाही. भावी वैमानिक, नौसैनिक आणि पायदळाचा अधिकारी शेजारशेजारच्या केबिनमध्ये राहतात. पहाटे एकत्र फॉल-इन, ड्रिल स्क्वेअरवर एकाच उस्तादाचा आवाज, वर्गात जाताना सायकलींची एकच रांग. चुकलं तर रगडाही, म्हणजे शिक्षेची कसरतही, सगळ्यांना सारखीच. जलाशयात शिडाच्या बोटी हाकायच्या, सिंहगड चढायचा, जेएनयूची पदवीही मिळवायची. तीन वर्षं, सहा टर्म. त्यानंतर वाटा वेगळ्या होतात: भूदलाचे डेहराडूनला, नौदलाचे एळिमलाला, हवाई दलाचे डुंडिगलला. तोवर ‘कोर्समेट’ हे नातं पक्कं झालेलं असतं.

या नात्याची झेप पाहा. १९९१ मध्ये तिन्ही सेनांचे प्रमुख होते जनरल रॉड्रिग्ज, अ‍ॅडमिरल रामदास आणि एअर चीफ मार्शल सुरी. तिघेही डेहराडूनला सुरू झालेल्या पहिल्याच कोर्सचे. २०१९ संपता संपता पुण्याचे मनोज नरवणे भूदलप्रमुख झाले, तेव्हा नौदलाचे करमबीर सिंह आणि हवाई दलाचे राकेशकुमार सिंह भदौरिया हे त्यांचे ५६ व्या कोर्सचे सोबती होते. कोवळ्या वयात एका मैदानावर घाम गाळलेली मुलं चाळीस वर्षांनी देशाच्या तिन्ही सेना सांभाळतात!

आता या नात्यात मुलीही आल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने त्यांच्यासाठी दार उघडलं आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी ‘अंतिम पग’ ही निरोपाची शेवटची पायरी ओलांडून बाहेर पडली.

रणगाडे, जहाजं, विमानं पैसे मोजून घेता येतात. संकटात दुसऱ्या सेनेतल्या अधिकाऱ्याला हक्काने हाक मारण्याइतका विश्वास मात्र घडवावाच लागतो, आणि खडकवासल्यात तो वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षापासून घडवला जातो.