हुकूम नंतर, आधी बजावणी

सकाळी ७.३०

पक्षकाराने काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर सातबाराचे दोन उतारे पाठवलेत. जुन्या उताऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात त्याच्या आजोबांचं नाव संरक्षित कूळ म्हणून आहे. नव्यात रकाना मोकळा. मधे एक फेरफार, आणि त्यात कूळ प्रकरणातल्या हुकुमाचा हवाला. मूळ मालकाच्या वारसांनी 'हा इसम कूळ नव्हताच' असं ठरवून मागितलं, समोरून कोणी उभं राहिलं नाही, आणि काम एकतर्फी निकाली निघालं.

महाराष्ट्रात कूळ कायदे तीन. पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा, विदर्भाचा १९५८ चा आणि आमचा निजामी वारशाचा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. खुलताबादेत वकिली करायची तर या तिसऱ्याशी सलगी हवी. त्याच्या ३८-ई कलमाने संरक्षित कुळाकडे मालकी जाते. या घराने ते प्रमाणपत्र कधी काढलंच नाही. कसत होते, पीक घेत होते, कागदाची गरज पडली नाही.

सकाळी ९.१५

रात्रपाळी करून तो वाळूजहून थेट आलाय. डोळे लाल, हातात प्लास्टिकची पिशवी. आई गावाहून आली आहे. चहा येण्याआधीच ती म्हणते, "वकीलसाहेब, आमचा आजा मरून जमाना झाला. त्याला नोटीस दिली कशी?"

मी विचारतो, "घरी कोण राहतं आता?"

"कोणीच नाही. मी धाकट्याकडं असते, शेतातल्या वस्तीवर. गावातल्या घराची भिंत पडली."

त्यांना जमिनीबद्दल बोलायचंय. विहीर कोणी खोदली, अद्रक पहिल्यांदा कोणी लावली, मालकाचे लोक किती वर्षांत फिरकले नाहीत. मी ऐकून घेतो, कारण न ऐकता पुढे गेलो तर त्यांना वाटेल की याला आपलं काहीच कळलं नाही. पण वहीत एवढंच लिहितो: आजोबा मयत, नोटीस कोणाच्या नावे? हुकूम कळला कधी, कोणाकडून?

हुकूम कळला पीककर्जाच्या वेळी. सोसायटीने ताजा उतारा मागितला म्हणून. ती तारीख आज सोन्याच्या मोलाची आहे, तेव्हा उताऱ्यावरची छपाईची तारीख मी आधी बघून घेतो.

सकाळी १०.४५

संचिका बघायला मिळाली. हुकूम मी शेवटी वाचतो. आधी रोजनामा, मग नोटिशीची पाठ. नवे वकील उलट करतात; हुकुमातल्या कारणमीमांसेवर लाल रेघा ओढत बसतात आणि नोटिशीची पाठ उलटून बघत नाहीत. एकतर्फी काम जिंकायचं असेल तर ते त्या पाठीवर जिंकलं जातं.

पाठीवर शेरा: 'सदर इसम गावी मिळून आला नाही, सबब राहत्या घराच्या दर्शनी भागी नोटीस डकवली.' खाली दोन पंचांच्या सह्या. राहतं घर! रोजनाम्यात पुढच्या तारखेला एकच ओळ, जाबदार पुकारता गैरहजर. त्यानंतर पुन्हा नोटीस काढल्याचं दिसत नाही, वारस आणल्याचं तर नाहीच. अर्जदारांनी तलबाना भरला, पत्ता जुन्या उताऱ्यावरून दिला, आणि कोणी विचारलं नाही की १९५० च्या दशकात कूळ म्हणून नोंदलेला माणूस आज किती वर्षांचा असेल.

मयताविरुद्धचा हुकूम कायद्याच्या नजरेत हुकूमच नव्हे, हे खरं. पण त्या हुकुमावर फेरफार पडलाय, त्यावर सातबारा बदललाय आणि त्या सातबाऱ्यावर उद्या खरेदीखत होऊ शकतं. नसलेला हुकूमसुद्धा कोणीतरी रद्द करावाच लागतो.

दुपारी १२

मसुदा. महसुली कामांत गैरहजेरीतला हुकूम फिरवून घ्यायचा रस्ता जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २३२ मध्ये आहे. मुदत हुकुमापासून तीस दिवस. ज्याला हुकूम झाल्याचंच ठाऊक नाही, त्याचे तीस दिवस तो वाळूजला मशीनवर उभा असताना संपतात. दिवाणी कोर्टात जरा बरं आहे. मुदत कायद्याचा १२३ वा अनुच्छेद म्हणतो, समन्स रीतसर बजावलं नसेल तर मुदत हुकूम कळल्या दिवसापासून मोजा. इथे तेच म्हणणं विलंबमाफीच्या अर्जात घालून मागावं लागतं.

विलंबमाफीत सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा कातिजी निकाल सगळेच लावतात. प्रत्येक दिवसाचा खुलासा द्या याचा अर्थ प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा नव्हे, असं त्यात सांगितलंय. निकाल चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर लोक खुलासाच देत नाहीत. मी तारखा लिहितो: उतारा काढला तो दिवस, नकलेचा अर्ज, नक्कल मिळाली तो दिवस, आज. चार ओळींत सगळा काळ भरून निघाला पाहिजे.

पक्षकार म्हणतो, "साहेब, आई आजारी होती असंपण टाका ना."

"होती का?"

"थोडीफार."

मग टाकत नाही. एक खरं कारण पुरतं. त्याला जोड म्हणून दुसरं लावलं की समोरचा वकील दुसऱ्याचीच चिरफाड करतो आणि पहिल्याकडे कोणाचं लक्ष राहत नाही.

कोटय्या निकालाचाही मोह होतो. १९८९ चा, आंध्रातला, पण आमच्याच हैदराबाद कायद्यावरचा. ३८-ई ने संरक्षित कुळाकडे मालकी आपोआप जाते, प्रत्यक्ष ताबा नसला तरी, असं त्यात आहे. तो मी एका वाक्यात उल्लेखतो, फक्त आमच्याकडे सांगण्यासारखं काही आहे एवढं दिसावं म्हणून. आज प्रश्न कूळ कोण हा नाहीच. आम्ही त्या दिवशी का नव्हतो, एवढाच आहे.

दुपारी १.१५

अर्ज, प्रतिज्ञापत्र, स्थगितीचा अर्ज दाखल. आवक क्रमांकाची पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

दुपारी ३

शहरात महसूल न्यायाधिकरणापुढे माझं दुसरं काम. दौलताबादच्या दिल्ली दरवाजात गाड्या अडकल्या होत्या; तिथे अडकलेला वकील पुकाऱ्याला गैरहजर राहिला तर ते पुरेसं कारण धरावं का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

इथे मी उलट बाजूला आहे. समोरच्यांचा पुनरीक्षण अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला, आता ते तो पुन्हा फाइलवर घ्या म्हणतायत. मी विरोध करतो. त्यांना तारीख माहीत होती, रोजनाम्यावर त्यांच्या वकिलांची सही आहे, आणि आधीच्या तारखाही अशाच गेल्या. दिवाणी संहितेच्या आदेश ९ नियम १३ मध्येही हाच विवेक आहे: बजावणीत नुसती खोट असली म्हणून हुकूमनामा रद्द होत नाही, तारीख माहीत होती आणि यायला वेळ होता हे दिसलं की झालं. सकाळी मी बजावणीची खोट दाखवत होतो, दुपारी माहिती होती हे दाखवतोय. यात मला दुटप्पीपणा वाटत नाही. ज्याला कळलंच नाही तो वेगळा, ज्याने कळून दुर्लक्ष केलं तो वेगळा. मात्र प्रतिज्ञापत्रं दोघांची शब्दशः सारखी असतात, हीच अडचण आहे.

खर्च भरायच्या अटीवर त्यांचा अर्ज मंजूर होईल, असं बाकावरच्या जुन्या वकिलांचं म्हणणं. मलाही तसंच वाटतं. म्हणून खर्चाचा आकडा तरी मोठा मागून ठेवला.

संध्याकाळी ६.४५

परत खुलताबादेत. पक्षकाराच्या धाकट्या भावाचा फोन. ग्रामपंचायतीत आजोबांच्या मृत्यूची नोंद सापडत नाही. मळ्यातच गेले, कोणी नोंदवलंच नाही. आमचं सगळं म्हणणं ते नोटिशीआधी वारले यावर उभं आहे, आणि तेच कागदावर नाही.

उशिराच्या नोंदीसाठी आदेश लागतो. पूर्वी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतं; जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते जिल्हा, उपविभागीय किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलं. म्हणजे पुन्हा महसूल खात्याचंच दार, पुन्हा नोटीस, पुन्हा तारीख.

"तोवर काय करायचं दादा?" तो विचारतो.

"वारसाचा जुना फेरफार झालाय का, तलाठ्याकडं बघ. आजीला निराधारचा पगार होता ना? तिच्या अर्जात विधवा लिहिलं असेल, त्याची नक्कल माग. आणि मळ्यावर मातीला आलेले दोन म्हातारे गाठ, पण तारीख पढवू नकोस त्यांना."

"जमीन तर वाचंल ना?"

"आधी आपलं ऐकून घेतलं पाहिजे. त्याला अजून तारीखच पडायची आहे."

"आजीच्या पगाराचा कागद पेटीत असंल," तो म्हणतो. "उद्या बघतो."

"उद्या नको. आत्ता बघ, आणि फोटो पाठव."

(साडेआठला फोटो आला. तारखेचा कोपरा वाळवीने खाल्लेला. सकाळी अस्सल घेऊन ये म्हटलं.)