तुरुंगाचं नाव : एका शब्दाचा संवाद


चित्रपटातला फौजदार ‘येरवड्याला पाठवीन’ असा दम देतो, तेव्हा पुढे काही सांगावं लागत नाही. अटक, खटला, शिक्षा सगळं त्या एका नावात येतं. गंमत म्हणजे येरवड्यात तुरुंग आहे तसं मनोरुग्णालयही आहे, आणि ठाण्यातही दोन्ही आहेत. त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ याचा अर्थ समोर चोर उभा आहे की चक्रम, यावरून ठरतो!

अमेरिकन चित्रपटांतही हीच तऱ्हा. सिंग सिंग हा तुरुंग न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी आहे. म्हणून ‘नदीच्या वरच्या अंगाला पाठवणं’ म्हणजे तुरुंगात टाकणं. जॉन फोर्ड यांच्या १९३० च्या तुरुंगपटाचं नावच ‘अप द रिव्हर’. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बेटावरचा अल्कट्राझ १९६३ साली बंद झाला, तरी ‘इथून सुटका नाही’ म्हणायला त्याचं नाव अजून पुरतं.

आपल्याकडे नदीऐवजी समुद्र आला. १८५८ पासून अंदमानात कैदी पाठवले जाऊ लागले. तिथला सेल्युलर जेल १९०६ साली पूर्ण झाला. ‘काळं पाणी’ एवढे दोन शब्द उच्चारले की पडद्यावरची आई कोसळते, कारण परत येण्याची आशा संपलेली असते.

पण असा शब्द चेकसारखा असतो. ऐकणाऱ्याच्या खात्यात आठवणींची शिल्लक असेल तरच तो वटतो. आडगावी बदली झाली की आम्ही बँकेतले लोक ‘काळ्या पाण्यावर चाललो’ म्हणून हसत असू. त्या हसण्यात कोलूला जुंपलेला कैदी कुठेच नसे. आता नातवंडांना अल्कट्राझ माहीत असतो आणि ‘काळं पाणी’ म्हणजे काय, ते विचारावं लागतं.

आपल्या बेळगावात ‘हिंडलग्याला जाशील’ ही धमकी अजून चालते. याच हिंडलगा तुरुंगात १९५० साली सावरकरांना स्थानबद्ध केलं होतं. अंदमान भोगून आलेला माणूस स्वतंत्र भारतात पुन्हा गजाआड गेला, तो आपल्या गावाच्या वेशीवर! त्यांची मतं कुणाला पटोत न पटोत, ही गोष्ट घरातल्या मुलांना माहीत हवी.

पुढच्या वेळी पडद्यावर असं नाव आलं आणि शेजारच्या मुलानं ‘म्हणजे काय?’ विचारलं, तर ‘नंतर सांगतो’ म्हणू नका. चित्रपट दोन मिनिटं थांबवता येतो.