भुईआवळी आणि रोजची गोळी

माझ्या माहेरी पावसाळा लागला की परसात भुईआवळी उगवे. गल्लीत कोणाचे डोळे पिवळे झाले की आई ती मुळासकट उपटून, धुऊन, वाटून ताकातून देई. तीन-चार आठवड्यांत माणूस खडखडीत बरा! आईच्या हाताला गुण आहे, असे सारी गल्ली म्हणे. दूषित पाण्यातून येणारी 'ए' जातीची कावीळ बहुधा आपोआपच ओसरते, हे मला फार उशिरा कळले.

त्याचे असे झाले. रक्तदानाच्या वेळी आमच्या ह्यांच्या रक्तात 'हेपटायटिस बी' निघाला. डोळे स्वच्छ, भूक उत्तम, दुखणे म्हणून काही नाही. हा विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप यकृतात मुक्काम ठोकतो आणि काहींना सिरॉसिस, कर्करोगापर्यंत नेतो. मुलांच्या तपासण्या झाल्या; सुदैवाने दोघांनाही लस मिळालेली होती. ह्यांच्या यकृताला मात्र सूज होती, म्हणून डॉक्टरांनी टेनोफोव्हिरची गोळी रोज एक, न चुकता घ्यायला सांगितली. 'सी' जातीचा विषाणू आता बहुतेकांच्या बाबतीत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी कायमचा जातो. 'बी'ला गोळी नुसती कोंडून ठेवते.

"म्हणजे जन्मभर?" ह्यांचा चेहरा उतरला.

आईने लगोलग भुईआवळीचे चूर्ण पाठवले. त्यात कोणी एक कात्रण आणून दिले. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते की, महिनाभर ही वनस्पती घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून 'बी'ची खूण नाहीशी झाली. मग काय विचारता! मी मोठ्या श्रद्धेने ताक घुसळू लागले, आणि ह्यांनी मला न सांगता गोळी सोडली. पुढे इतरत्र केलेल्या प्रयोगांत तसा गुण दिसला नाही, हे त्या कात्रणात कोठून असणार?

तीन महिन्यांनी ह्यांचे डोळे खरोखरच पिवळे झाले. गोळी एकाएकी सुटली की कोंडलेला विषाणू उसळतो. सोळा दिवस आम्ही इस्पितळात काढले. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

डॉक्टर रागावले नाहीत. "आणखी काय काय चालू होते?" एवढेच त्यांनी विचारले. मी ओशाळून पिशवी उघडली: गुळवेलीच्या गोळ्या, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, अश्वगंधा. ह्या तिन्हींमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, असे ते म्हणाले. आमटीतली हळद खुशाल खा, पण अर्क नको. परदेशी 'मिल्क थिसल'चे मी विचारले, तर 'सी'च्या १५४ रुग्णांवरील अमेरिकेतल्या चाचणीत, २०१२ साली, ते खोट्या गोळीहून सरस ठरले नव्हते. कॉफीला मात्र परवानगी मिळाली. कॉफीने पित्त होते म्हणून जन्मभर ओरडणाऱ्या आईला हे सांगताना मला अंमळ मजाच वाटली!

हल्ली आई राहायला आली की रोज रात्री ह्यांच्या पाकिटातल्या गोळ्या मोजते. ताकही करते, नुसते, जिरे-मीठ घालून.